लॅम्ब्टनची साखळी

वैशाखात भर दुपारी आमच्या कॅम्पातील पत्र्याची छपरे कडाड् वाजू लागली, की मला कर्नल विल्यम लॅम्ब्टनची आठवण होते. उन्हाने लोखंड वाढते व गारव्याने आखडते, हे गाडीच्या चाकाला धाव तापवून चढविणाऱ्या आपल्या लोहारालाही ठाऊक असते. लॅम्ब्टनने तेवढ्याच गोष्टीचा काटेकोर हिशेब ठेवला.

यॉर्कशायरमधील एका साध्या घरचा हा मुलगा. अमेरिकेच्या लढाईत तो कैद झाला, सूर्यग्रहण न्याहाळताना एक डोळा अधू करून बसला आणि १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत होता. पुढे सारे दक्षिण हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजण्याचे त्याने मनावर घेतले.

त्यासाठी आधी एक रेषा अचूक हवी. १८०२ च्या एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, मद्रासेनजीक सेंट थॉमस माउंटपाशी त्याने साडेसात मैलांची रेषा मोजली. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ताणून धरावयाची, उन्हाचा आडोसा करावयाचा आणि दर वेळी उष्णतामापक पाहावयाचा! फॅरनहाइटच्या एका अंशाने ती साखळी इंचाच्या शतांशाहूनही कमीच वाढते; पण अशा सुमारे ४०० साखळ्या झाल्या, की तीन इंच होतात. दहा अंश चुकले तर अडीच फूट. १८०४ मध्ये बंगळूरला दुसरी रेषा मोजून पडताळा पाहिला, तेव्हा हिशेब व मोजणी यांत फरक निघाला अवघा पावणेचार इंचांचा. मला तर हा आकडा आजही खरा वाटत नाही.

१८०८ साली भोसल्यांच्या तंजावरात देवळावर चढविताना त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट आदळून वाकडा झाला. दुसरा कोणी हाय खाऊन बसला असता. हा गृहस्थ तंबूत बसून स्वतःच सुमारे सहा आठवड्यांत तो सरळ करून बाहेर आला.

त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट. गुरूचे काम त्याने उत्तरेस हिमालयापर्यंत नेले. पोलादी साखळी सोडून पितळ व लोखंड यांच्या जोडपट्ट्या वापरल्या, कारण त्या एकमेकींची वाढ सावरून धरतात. शिखराला नाव लागले ते या शिष्याचे.

लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादेहून नागपुराकडे जाताना, आपल्याच मुलखात हिंगणघाटास वारला. तेथेच त्याचे थडगे आहे. वर्ध्याकडे सोयरे असतील त्यांनी जाता-येता जरूर पाहावे.