विश्लेषण : आवाज ऐकू येत होता, मग दिशा का सापडली नाही? अ‍ॅमेलिया इअरहार्ट यांचे अखेरचे उड्डाण

मोबाइलच्या पडद्यावर बाण उमटतो आणि हरवलेली किल्ली कोणत्या बाजूला आहे ते कळते. रेडिओ लहरी कुठून येत आहेत हे ओळखण्याचे तंत्र शंभर वर्षांहून जुने आहे. १९३७ मध्ये जगातील सर्वांत प्रसिद्ध महिला वैमानिकाचे प्राण याच तंत्रावर अवलंबून होते. त्यांचा आवाज जहाजावर खणखणीत ऐकू येत होता. तरीही विमान पोहोचले नाही. असे का झाले?

अ‍ॅमेलिया इअरहार्ट कोण होत्या?

२४ जुलै १८९७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, अ‍ॅचिसन येथे त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी टोरांटोतील लष्करी रुग्णालयात परिचारिकांची मदतनीस म्हणून काम केले. १९२० च्या अखेरीस कॅलिफोर्नियात त्या प्रथमच विमानात बसल्या. पुढच्याच वर्षी नेटा स्नूक या महिला प्रशिक्षकाकडे विमान चालवायला शिकू लागल्या.

१९२८ मध्ये विमानाने अटलांटिक ओलांडणारी पहिली महिला म्हणून त्यांचे नाव झाले. पण तेव्हा त्या केवळ प्रवासी होत्या. ही सल त्यांनी १९३२ मध्ये भरून काढली. न्यू फाउंडलंडहून एकटीने निघून सुमारे १५ तासांनी त्या उत्तर आयर्लंडमधील एका कुरणात उतरल्या. १९३५ मध्ये होनोलुलू ते ओकलंड हा पॅसिफिकवरील प्रवासही त्यांनी एकटीने केला.

जगप्रदक्षिणा कशी ठरली?

विषुववृत्ताच्या जवळून पृथ्वीला फेरी मारायची, असा बेत होता. त्यासाठी लॉकहीड इलेक्ट्रा हे दोन इंजिनांचे विमान होते. मार्च १९३७ मधील पहिल्या प्रयत्नात होनोलुलूला उड्डाण घेतानाच विमानाचा अपघात झाला. त्यानंतर मोर्स आणि रेडिओचे जाणकार हॅरी मॅनिंग मोहिमेतून बाहेर पडले. उरले ते दिशादर्शक फ्रेड नूनन. आकाशातील ग्रह-ताऱ्यांवरून विमानाचे स्थान काढण्यात ते वाकबगार होते.

१ जून रोजी दोघांनी मायामी सोडले. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका पार करून ते १५ जूनला कराचीत आणि १७ जूनला कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर उतरले. महिनाअखेरीस न्यू गिनीतील लाए गाठले. पुढचा टप्पा सर्वांत अवघड होता. सुमारे ४,१०० किलोमीटर समुद्र ओलांडून हाउलँड हे जेमतेम अडीच किलोमीटर लांबीचे सपाट बेट शोधायचे होते. नूनन यांनी विमान बेटाच्या जवळपास न्यायचे आणि शेवटचे अंतर रेडिओच्या मदतीने कापायचे, असे ठरले. बेटाजवळ अमेरिकी तटरक्षक दलाचे ‘इटास्का’ हे जहाज उभे होते.

रेडिओवरून दिशा कशी कळते?

विमानावर फिरवता येणारी गोल कडी, म्हणजे लूप अँटेना होती. कडीची कड स्टेशनच्या दिशेला असली की आवाज मोठा येतो. कडीचे तोंड स्टेशनकडे वळले की आवाज जवळपास बंद होतो. आवाज कुठे सर्वांत मोठा आहे हे कानाला नेमके सांगता येत नाही, पण तो कुठे बुडाला हे लगेच कळते. म्हणून हा ‘किमान बिंदू’ शोधतात.

कडीचा तो कोन विमानाच्या नाकाच्या तुलनेत मोजला जातो. समजा, होकायंत्रानुसार विमान ८० अंशांवर चालले आहे आणि स्टेशन नाकाच्या उजवीकडे ३० अंशांवर आहे. तर स्टेशनची खरी दिशा ११० अंश. स्टेशन नाकासमोर ठेवून उडत राहिले, तर विमान त्याच्यापर्यंत पोहोचते.

२ जुलैला नेमके काय बिनसले?

उड्डाणाला १९ तास उलटल्यावर, जहाजावरील घड्याळानुसार सकाळी ७.४२ वाजता, इअरहार्ट यांनी कळवले की आपण बेटाजवळच असायला हवे, पण काही दिसत नाही आणि इंधन कमी आहे. थोड्या वेळाने त्यांनी ७,५०० किलोहर्ट्झवर संकेत मागितले. जहाजाने ते पाठवले. त्यांना ते ऐकूही आले, पण किमान बिंदू सापडला नाही.

कारण वारंवारितेत होते. कमी वारंवारितेच्या लहरी मुख्यतः पृथ्वीच्या पृष्ठभागालगत येतात. ७,५०० किलोहर्ट्झसारख्या उच्च वारंवारितेला वातावरणाच्या वरच्या थरावरून परतलेल्या लहरीही त्यांत मिसळतात आणि किमान बिंदू पुसट होतो. विमानावरील कडी अशा वारंवारितेसाठी नव्हतीच.

उलट बाजूनेही तेच झाले. इअरहार्ट ३,१०५ किलोहर्ट्झवर बोलत होत्या. जहाजाचा दिशाशोधक ५५० किलोहर्ट्झपर्यंतच चालत होता. ही मर्यादा जहाजाने आधी तारेने कळवली होती. बेटावर उच्च वारंवारितेचा एक संच आणून ठेवला होता, पण इअरहार्ट यांचे संदेश काही सेकंदांचेच असत. तेवढ्यात दिशा धरता आली नाही.

८.४३ च्या संदेशात त्यांनी १५७-३३७ अंशांच्या रेषेवर असल्याचे सांगितले. सूर्याच्या निरीक्षणावरून अशी रेषा मिळते. विमान त्या रेषेवर कुठेतरी आहे एवढे त्यातून कळते, नेमके कुठे ते कळत नाही. त्यानंतर संपर्क तुटला. १९ जुलैला अधिकृत शोध थांबला आणि ५ जानेवारी १९३९ रोजी इअरहार्ट यांना कायदेशीररीत्या मृत घोषित करण्यात आले.

आजच्या फोनमध्ये वेगळे काय?

आता कडी फिरवावी लागत नाही. जवळजवळ बसवलेल्या दोन अँटेनांवर एकच लहर किंचित पुढे-मागे पोहोचते. त्या फरकावरून चिप कोन काढते. २०१९ च्या ब्लूटूथ ५.१ मध्ये ही सोय आली. अल्ट्रा-वाइडबँड चिपही याच तत्त्वावर कोन मोजते. कोन आजही उपकरणाच्या तुलनेतच मिळतो, म्हणून फोन वळवला की बाणही वळतो.

मोठा फरक दुसराच आहे. कोणत्या वारंवारितेवर बोलायचे आणि संकेत किती वेळ द्यायचा, हे दोन्ही चिपसाठी आधीच ठरलेले असते. हाउलँडजवळ दोन्ही बाजूंना दिशाशोधक होते आणि माणसेही जागी होती. पण दोघांनाही दिशा धरता येईल अशी एक वारंवारिता त्यांच्यात पक्की झालेली नव्हती.