धारचा दरवाजा आणि रावबाजी

धारच्या किल्ल्याकडे बोट दाखवून आपण मराठी मंडळी सहज म्हणून जातो की, हे सारे पवारांचे. त्यातील एका दरवाजापुरते तरी ते खरे नाही. त्याचे साल इ. स. १६८४-८५ असे ठरले आहे. हिजरी वर्ष इसवीच्या दोन सालांत विभागून पडते, म्हणून असे जोडसाल लिहिण्याची रीत आहे. त्या वेळी आलमगीर बादशहा संभाजी महाराजांवर चालून दक्षिणेत उतरला होता. माळव्यात मराठ्यांचा पाय रोवला तो नोव्हेंबर १७२८ मध्ये, अमझेऱ्याच्या लढाईनंतर. म्हणजे दरवाजा त्याहून चाळीस-बेचाळीस वर्षांनी तरी जुना.

या सालाचा मी आग्रह धरतो, तो दुसऱ्या बाजीरावांच्या चरित्रासाठी. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढे बारभाईंनी राघोबादादांस हुसकून लावले. दादा गुजरातेच्या वाटेस लागले आणि गरोदर आनंदीबाई धारच्या किल्ल्यात, खंडेराव पवारांच्या आश्रयास राहिल्या. तेथेच जानेवारी १७७५ मध्ये रावबाजींचा जन्म झाला. मोगली अमलातल्या दरवाजाआड शेवटचा पेशवा जन्मास आला.

त्यांचे बाळपण व तारुण्य आनंदवल्ली आणि जुन्नर येथे पहाऱ्यात गेले. डिसेंबर १७९६ मध्ये पेशवाईची वस्त्रे मिळाली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ त्यांच्या फौजेचा मोड केला. ३१ डिसेंबरास वसईचा तह होऊन राज्य इंग्रजांच्या ओंजळीने पाणी पिऊ लागले. जून १८१८ मध्ये ते माल्कमसाहेबाच्या स्वाधीन झाले, आणि सालिना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. २८ जानेवारी १८५१ रोजी तेथेच त्यांचा देह पडला. सहाच वर्षांनी त्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब कानपुरास उठले, आणि त्याच १८५७ च्या ऑक्टोबरात इंग्रजी तोफा धारच्या किल्ल्यास भिडल्या.

रावबाजींस दोष देणारे पुष्कळ आहेत, आणि तो बव्हंशी योग्यच आहे. पण जन्माच्या वेळचा निराधारपणा ध्यानी घेतला म्हणजे पुढचा भित्रा, संशयी स्वभाव थोडा उमगतो. पवारांचे श्रेय त्या संकटात दिलेल्या आसऱ्याचे आहे, आणि ते पुरेसे मोठे आहे. दरवाजा बांधल्याचे श्रेय ज्याचे त्यास द्यावे.