नाईक यशवंत घाडगे

माणगावला एका जवानाचा पुतळा आहे. तो यशवंतराव घाडगे यांचा. नाईक हे त्यांचे आडनाव नव्हे, तो पलटणीतला हुद्दा आहे. आधी शिपाई, मग लान्सनाईक, मग नाईक आणि त्याच्या वर हवालदार असतो.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावात झाला. तेव्हा आपल्या रायगड जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. कोकणातली पुष्कळ माणसे तेव्हा पलटणीत जात, कारण शेती थोडी आणि घरात खाणारी तोंडे जास्त. यशवंतराव मराठा पलटणीत भरती झाले.

त्या वेळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. मग आपली माणसे इंग्रजांच्या सैन्यात कशाला गेली, असे मला आधी वाटले. पण समोर हिटलरचे जर्मन सैन्य होते. ते एकेक देश गिळत चालले होते. त्याला अडवायला आपले लाखो जवान परदेशात गेले होते. यशवंतरावांची पलटण इटलीत गेली. नकाशात बघा, इटली हा देश पायातल्या बुटासारखा दिसतो. तिथं टायबर नावाची नदी आहे. तिच्या वरच्या खोऱ्यात डोंगर आहेत, आणि त्या डोंगरांत जर्मन लोक मशीनगन लावून बसले होते.

१० जुलै १९४४ चा दिवस. आपल्याकडे तेव्हा लावणीचे दिवस असतात. मराठा पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या ठाण्यावर हल्ला केला. यशवंतराव एका छोट्या तुकडीचे पुढारी होते. अगदी जवळून मशीनगनच्या गोळ्या सुटल्या. तुकडीतले सगळेजण पडले, कुणी मेले, कुणी जखमी झाले. एकटे यशवंतराव उभे राहिले. आता मागे कोणीच नव्हते. तरी ते थांबले नाहीत, सरळ मशीनगनवर धावत गेले. आधी हातगोळा फेकला. त्याने मशीनगन बंद पडली आणि ती चालवणारा मेला. मग त्यांनी आपल्या टॉमीगनने आणखी एकाला मारले. अजून दोघे राहिले होते आणि गोळ्या संपल्या! नवीन गोळ्या भरायला वेळच नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दांडक्यासारखी फिरवून त्या दोघांना मारले. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मशीनगन बंद झाली, ठाणे हाती आले. पण लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि ते तिथंच पडले. तेव्हा ते फक्त २२ वर्षांचे होते.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मिळाले. इंग्रजांच्या सैन्यात शौर्याचे याहून मोठे पदक नाही. मला वाटले होते सोन्याचे असेल, पण ते ब्राँझचे असते. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत ते दोघांनाच मिळाले. दुसरे नामदेव जाधव, ते नगर जिल्ह्यातले. ते लढाईतून परत आले. यशवंतराव आले नाहीत, म्हणून त्यांचे पदक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून दिल्लीत घेतले. खेड्यातली बाई, तरुण वय, नवरा गेलेला, आणि समोर एवढे मोठे साहेब. त्यांना काय वाटले असेल, ते कुठे लिहिलेले मला सापडले नाही.

यशवंतरावांची समाधी कुठेच नाही. इटलीत कॅसिनो या गावी, ज्यांच्या समाधीचा पत्ता नाही अशा जवानांची नावे दगडावर कोरली आहेत. त्यांत यशवंतरावांचे नाव आहे.

२०२३ साली इटलीतल्या मोंटोने गावाच्या लोकांनी त्यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळ आहे, सावलीवरून वेळ सांगणारे. आपली शाळा सुटते तेव्हा तिथं दुपार असते.