पाय बांधला आणि रणजींना नवा फटका सापडला

विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी ट्रॉफी जिंकली आणि नागपूरच काय, पार एटापल्लीच्या पोरांसाठीही ती आपली ट्रॉफी झाली. पण ज्यांच्या नावाची ही ट्रॉफी, ते रणजी सुरुवातीला फास्ट बॉलिंगसमोर मागे सरायचे.

रणजितसिंहजींचा जन्म १८७२ चा, काठियावाडातल्या सरोदरचा. शिकायला ते केंब्रिजला गेले. तिथे व्यावसायिक बॉलर्ससमोर ते कसून सराव करायचे. बॉल जोरात आला की मात्र पाय आपोआप लेग साइडला सरकायचा.

आज अशी सवय मोडायला अंगावर घालायचे पट्टे आणि सेन्सर मिळतात. तेव्हा उपाय साधा होता. सरावात त्यांचा उजवा पाय जमिनीशी बांधून ठेवला जायचा.

पाय हलेना, मग अंगावर येणाऱ्या बॉलचं करायचं काय? रणजी कंबरेतून वळायचे, मनगट फिरवायचे आणि बॉल लेग साइडला मागे काढायचे. हाच त्यांचा गाजलेला लेग ग्लान्स.

१८९६ मध्ये, भारतात जन्मलेला माणूस इंग्लंडकडून कसा खेळणार, असा वाद निघाला. लॉर्ड्स कसोटीत त्यांना घेतलं नाही. मँचेस्टरला संधी मिळाली आणि पदार्पणातच त्यांनी ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या. १८९९ मध्ये एका मोसमात ३,००० धावा करणारे ते पहिले फलंदाज ठरले.

१९०७ मध्ये ते नवानगरचे जामसाहेब झाले. भारताकडून ते कधीच कसोटी खेळले नाहीत. १९३३ मध्ये ते गेले. १९३४-३५ मध्ये देशांतर्गत स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या ट्रॉफीला त्यांचं नाव मिळालं.