नाण्यांतून धम्माचा इतिहास वाचणारे पंडित भगवानलाल इंद्रजी

विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत आम्ही दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय देतो. यंदाचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले नसेल. पण मागच्या सहलीत नालासोपाऱ्याच्या स्तूपासमोर आपण सगळ्यांनी वंदना घेतली, तो स्तूप मातीतून वर काढणारा माणूस कोण, हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक असायलाच हवे. त्यांचे नाव पंडित भगवानलाल इंद्रजी. त्यांना नाण्यांचा भारी नाद होता, आणि त्या नादातूनच आपल्या इतिहासाची कित्येक पाने उघडली.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ साली काठेवाडात जुनागढ येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. इंग्रजी शिक्षण त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. परंतु त्यांच्या गावाबाहेरच एक मोठी शाळा होती, ती म्हणजे गिरनारच्या पायथ्याची शिळा. या एकाच शिळेवर सम्राट अशोकाचे चौदा आदेश कोरलेले आहेत आणि त्याच दगडावर क्षत्रप राजा रुद्रदामन याचाही लेख आहे. गावचे लोक येता-जाता ती अक्षरे बघायचे, पण वाचता कुणालाच येत नव्हती. ज्या राजाने धम्म देशोदेशी नेला, त्याची लिपीच या देशाने विसरून टाकली होती!

ही लिपी, म्हणजे ब्राह्मी, १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडली. तेही नाण्यांचे मोठे जाणकार. सांचीच्या कठड्यांवर दात्यांचे बारके-बारके लेख आहेत. त्यांच्या शेवटी येणारा शब्द ‘दानं’ असला पाहिजे हे त्यांनी ओळखले आणि तिथून कुलूप निघाले. प्रिन्सेप यांच्या अक्षरांचा तक्ता तरुण भगवानलालच्या हाती पडला. तो घेऊन हा पोरगा शिळेपाशी जाऊन बसू लागला आणि एकेक अक्षर लावू लागला. त्या भागात क्षत्रपांची चांदीची नाणीही सापडत. शिळेवर वाचलेले अक्षर नाण्यावर आणि नाण्यावरचे शिळेवर पडताळून बघायचे, असा त्यांचा अभ्यास चालला.

ही कीर्ती मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानी गेली. भाऊ दाजी स्वतः नामांकित डॉक्टर आणि इतिहासाचे व्यासंगी. १८६१ च्या सुमारास भगवानलाल त्यांच्याकडे मुंबईला आले ते कायमचेच. पुढची बारा-तेरा वर्षे भाऊ दाजींच्या सांगण्यावरून ते देशभर हिंडले. लेणी पाहावीत, लेखांचे ठसे घ्यावेत, जुनी नाणी मिळवावीत, हाच उद्योग. आगगाडी सगळीकडे पोचलेली नव्हती, पायपीट फार. १८६९ साली मथुरेत शीतलामातेच्या ठाण्याच्या पायरीत बसवलेला सिंहांचा दगड त्यांनी हेरला. त्यावर खरोष्ठी लिपीत बौद्ध संघाला दिलेल्या दानाचा लेख निघाला. रोज ज्या दगडावर पाय पडत होता, तो धम्माचा साक्षीदार होता.

१८७४ साली भाऊ दाजी वारले. आधार गेला, पण पंडितजी थांबले नाहीत. ते गुजरातीत लिहीत आणि स्नेही मंडळी त्याचे इंग्रजी करून देत. इंग्रजी येत नाही म्हणून विद्वत्ता अडत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने याच माणसाला सन्मानाची डॉक्टरेट दिली.

नाशिकच्या पांडवलेण्यांचे लेख त्यांनी अभ्यासले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा तिथला लेख आपण सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कार्षापण म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे. त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे महिना शेकडा पाऊण व्याजाने. आता हिशोब करून बघा. २,००० वर महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. लेण्यात वर्षावास करणारे वीस भिक्खू, म्हणजे प्रत्येकाच्या चीवरासाठी १२. मूळ रक्कम तशीच, दान मात्र दरवर्षी चालू. आपल्या विहाराच्या कायम निधीचा विचार सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकला झाला होता! शिवाय ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असेही तिथे कोरले आहे. म्हणजे एका सोन्याच्या नाण्याला चांदीची ३५, हा त्या काळचा भाव दगडावरच मिळतो.

क्षत्रपांची नाणी हा तर पंडितजींचा खास विषय. नाणे नखाएवढे, वजन जेमतेम दोन ग्रॅम. पण त्यावर राजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि पुढच्या काळात शकाचे वर्षसुद्धा. एक नाणे हाती असले तर फक्त एक नाव कळते. शंभर नाणी मांडून बसले, की बाप, मुलगा, भाऊ अशी वंशावळच उभी राहते. ज्या राजांचे नाव कुठल्या पोथीत धड नाही, त्यांचा तीनशे वर्षांचा इतिहास अशा नाण्यांवरून लागला. या विषयावरचा त्यांचा निबंध त्यांच्या पश्चात १८९० साली छापून आला.

आता सोपाऱ्याची हकीकत. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, भदंत पूर्ण यांचे गाव म्हणून बौद्ध परंपरा ज्याला मानते ते. तिथल्या एका टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. हा स्तूप असावा, असे पंडितजींनी ताडले आणि १८८२ च्या एप्रिलमध्ये खोदकाम झाले. मधोमध विटांची चौकोनी खोली लागली, तिच्यात दगडाची मोठी गोल पेटी. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा करंडक. त्यात सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे १३ तुकडे. हे तुकडे तथागतांच्या भिक्षापात्राचे मानून श्रद्धेने जपले होते. या वस्तू पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आल्या.

या सगळ्यात एक चांदीचे नाणेही होते, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे. त्यावरून पंडितजींनी त्या ठेव्याचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा ठरवला. पुढच्या अभ्यासकांना मात्र त्या आठ मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या वाटतात, म्हणजे स्तूप मध्यंतरी पुन्हा उघडला गेला असावा. यात पंडितजींचा कमीपणा नाही. नाणे इतकेच सांगते, की आपल्या आधीचा हा ठेवा नाही. नंतरचे ते सांगू शकत नाही. पण नाणे नसते तर बोलायला धागाच नव्हता.

त्याच साली सोपाऱ्यालाच त्यांना अशोकाच्या आठव्या आदेशाचा तुकडा मिळाला. सम्राट शिकारीच्या सहली सोडून संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाल्या, असे हा आदेश सांगतो. नवव्या आदेशाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला सापडला. १९५६ हे साल आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

१६ मार्च १८८८ रोजी पंडितजींचे मुंबईत निधन झाले. मृत्युपत्राप्रमाणे त्यांची नाणी आणि मथुरेचा सिंहशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला. हे वाचून मनाला लागते, आम्हालाही लागले. पण खरे बोलायचे तर त्या काळी इकडे जुन्या नाण्याची शेवटची जागा सोनाराची मूस हीच होती. आजही काय वेगळे आहे? आमच्याच वस्तीत एका घरी आजीची राणीछाप रुपयांची माळ होती. गरजेला चांदीच्या भावाने मोडली. गरज होती, दोष कुणाचा नाही. पण मोडण्याआधी कुणा जाणत्याला दाखवली असती, तर एखादा रुपया चांदीपेक्षा मोलाचा निघाला असता. ते आता कळायचे नाही.

म्हणून शेवटी तरुणांना थोडे व्यवहाराचे सांगतो. नाण्यांचा छंद जरूर लावून घ्या, त्याला श्रीमंती लागत नाही. घरातल्या डब्यातली आणे-पैशांची नाणी घेऊन सुरुवात करा. नाणे कडेने धरा. चिंच, राख, लिंबू लावून घासू नका, चकाकी येते पण अक्षर जाते. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि वर कुठून आले, वजन किती, ते लिहा. ठिकाण लिहिलेले नाणे साक्षीदार होते, न लिहिलेले मुके राहते. विकत घ्याल तर पावती घ्या, बाजारात खोटी नाणी फार. आणि पाया खणताना किंवा शेतात जुनी नाणी निघाली तर वाटून घेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीतला ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, आणि तोच रस्ता इतिहासाच्या भल्याचा आहे.

आपला इतिहास पोथ्यांतून पुसला गेला, पण दगडावर आणि धातूवर राहिला. तुमच्या खिशातल्या रुपयावर आजही सारनाथचे सिंह आहेत. ते ज्याने उभारले त्याची अक्षरे वाचायला ज्यांनी आयुष्य वेचले, त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या स्मृतीस विहाराच्या वतीने आमचे विनम्र अभिवादन.