संगीतकार मालर आणि हृदयाची झडप
सुप्रसिद्ध सिंफनीकार गुस्ताव मालर यांचा जन्म १८६० मध्ये बोहेमियात झाला. १८९७ पासून दहा वर्षे ते व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचे संचालक होते. १९०७ मध्ये थोरली मुलगी दगावली आणि काही दिवसांतच त्यांच्या हृदयाच्या झडपेत दोष आढळला. तो ऱ्हुमॅटिक ज्वराचा परिणाम मानला जातो. या ज्वरात घशातील स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे साधर्म्यामुळे फसतात आणि हृदयाच्या झडपांवरच उलटतात. डोंगर तुडवणाऱ्या मालर यांना चालणेही कमी करावे लागले; संगीतरचना मात्र थांबली नाही. १९११ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकसच सापडला, पण वेगळ्या प्रकारचा. सदोष झडपेवर त्याने ठाण मांडले होते. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. मालर १८ मे १९११ रोजी, पन्नाशीतच, व्हिएन्नात निवर्तले.