जांबेचा नारायण आणि मनाचे आरोग्य

मनाच्या आरोग्याचा विचार पाश्चात्त्य विद्यापीठांतून आपल्याकडे आला, अशी सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1948 साली आरोग्याच्या व्याख्येत शरीराबरोबर मानसिक व सामाजिक स्वास्थ्याचा अंतर्भाव केला, हे खरेच. परंतु आजच्या जालना जिल्ह्यातील, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे शके 1530 च्या, म्हणजे 1608 सालच्या, रामनवमीस जन्मलेल्या नारायण सूर्याजीपंत ठोसर या पुरुषाने हाच प्रश्न आयुष्यभर हाताळला होता. महाराष्ट्र त्यास समर्थ रामदास म्हणून ओळखतो.

सातव्या-आठव्या वर्षी पितृछत्र हरपले. बाराव्या वर्षी सावधान हा शब्द कानी पडताच मुलगा बोहल्यावरून पळाला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिची मागे राहिलेली बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. आई राणूबाईंनी रडून रडून दृष्टी गमावली, असे परंपरा सांगते. नाशिकजवळच्या टाकळीस बारा वर्षे नदीपात्रात उभे राहून जप आणि सूर्यनमस्कार करणारा हा तरुण पाषाणहृदयी नव्हता. त्याची करुणाष्टके पश्चात्ताप, एकाकीपण आणि आप्तवियोग यांच्या उमाळ्यांनी ओथंबलेली आहेत. दुःख दडपून धैर्य येत नाही, ते आधी मोकळेपणी बोलावे लागते, ही जाण तेथेच आली असावी.

टाकळीचे वास्तव्य संपत आले असता 1630 ते 1632 चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. पुढील बारा वर्षे भारतभर पायी हिंडताना समर्थांनी जे पाहिले, त्याचे पडसाद अस्मानी-सुलतानीचे वर्णन करणाऱ्या त्यांच्या काव्यात उमटले. पण अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा तो दासबोधाचा तिसरा दशक. त्यात एका सामान्य संसारी माणसाची कहाणी आहे : मुले वाढतात तशी लक्ष्मी घर सोडते, कर्ज होते, माणूस पोटासाठी परमुलखात जातो, परततो तो घरात उपासमारच पाहतो. त्याच दशकात त्रिविध तापांचे निरूपण येते. देहाच्या व मनाच्या व्यथांची एखाद्या वैद्यास शोभेल अशी लांबलचक यादी देऊन समर्थ बाहेरून कोसळणाऱ्या आपत्ती वेगळ्या मोजतात. यातना कोठून उपजते हे पाहिल्यावाचून उपाय सांगू नये, ही शास्त्रीय वृत्ती नव्हे काय?

उपायही नुसता उपदेशाचा नव्हे. 205 मनाच्या श्लोकांत मनाला वैरी न समजता सज्जन मानून त्याची समजूत काढली आहे. 1644 च्या सुमारास कृष्णाकाठी आल्यावर आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत अकरा मारुती स्थापिले गेले. बलोपासना, नेमाचा दिनक्रम, यत्न आणि समुदाय या चार गोष्टींवर त्यांचा भर होता. खचलेल्या माणसास एकटे सोडू नये, हे त्यामागील इंगित दिसते. शिवाजी महाराजांची भेट नेमकी कधी झाली, या वादातच समर्थचरित्राची बहुतेक शाई खर्ची पडली; हा भाग त्यामुळे झाकोळला.

त्यांच्या वर्णविषयक मतांचे आज समर्थन करता येणार नाही. मात्र त्याच काळात बालविधवा वेणाबाईंना त्यांनी कीर्तनास उभे केले आणि मिरजेच्या मठाचा भार सोपविला. समाजाने जिला कोपऱ्यात बसविले, तिला काम व मान देणे याहून मोठी मनश्चिकित्सा कोणती?

2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळून निघाला, तेव्हा टँकर, छावण्या आणि हेक्टरी अनुदान यांचा हिशेब झाला. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची मोजदादही होते. परंतु कर्जाच्या नोंदीशेजारी मनाच्या अवस्थेची नोंद करणारा रकाना आपल्या मदतीच्या कागदांत अभावानेच आढळतो. तिसऱ्या दशकातील तो कर्जबाजारी संसारी ज्या गोदाकाठचा वाटतो, तेथेच हे घडावे, हा दैवदुर्विलास होय.

चोवीस वर्षांनी समर्थ जांबेस आईला भेटले आणि पुन्हा निघाले. शके 1603 च्या माघ वद्य नवमीस सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. जांबेच्या राममंदिरात रामनवमीचा उत्सव आजही होतो.